दोन दाती खोंड जुवाखाली उधळतो: त्याला कामाला कसं लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या गाईचा खिलार खोंड आहे, सव्वादोन वर्षांचा, नुकतेच दोन दात लावलेत. आजवर गाईंमध्ये मोकळा वाढला. वेसण टोचलेली नाही, खच्चीही केलेला नाही. जुन्या बैलाच्या जोडीला थेट गाडीला जुंपला, तर थोडा चालून उधळला, शिवळ (जुवात मानेशेजारी बसवायची खुंटी) मोडली, आणि आता नुसतं जू दिसलं तरी दाव्याला हिसडे देतो. गावातले म्हणतात, दोन दिवस वैरण बंद कर, पराणी (टोकदार काठी) लाव, आपोआप वठणीवर येईल. हे करावं का, आणि मृगाच्या आत तो कुळवाला (पेरणीआधी रान भुसभुशीत करायच्या औताला) लागेल का?

वैरण बंद करू नका आणि पराणीला हात लावू नका. कुळवाला तो बहुतेक लागेल. आज माघ संपत आला आहे असं धरलं तर वेळ पुरेसा आहे, पण गाडीचा नाद या हंगामापुरता सोडा.

तुमची खरी अडचण खोंड हट्टी आहे ही नाही. माणसाळवणं, कासऱ्याला लावणं आणि जुंपणं ही तीन वेगळी कामं आहेत. पहिली दोन झालीच नाहीत आणि तिसरं एकदम त्याच्या मानेवर आलं. त्यातही गाडी, म्हणजे सगळ्यांत अवघड ओझं. गाईबैलाला दोन्ही बाजूंचं खूप दिसतं, पण शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. गाडी नेमकी तिथेच असते. चाक खडखडलं, तो दचकून पुढे झाला, तर आवाजही तेवढाच पुढे आला. तो पळाला, तर आवाज त्याच्या मागे पळाला. त्याच्या दृष्टीनं पाठलाग सुरू झाला होता. अशा वेळी जो मारतो, तो त्याच्या भीतीला पुरावा देतो.

म्हणून पहिल्यांदा एक गोष्ट नीट बघा: खोंड बुजलाय की माजलाय? बुजलेल्याचे कान सतत फिरत असतात, डोळ्याचं पांढरं दिसतं, कातडी थरथरते, तो पातळ शेण टाकतो आणि सुटायची वाट शोधतो. माजलेला मान खाली घेऊन आडवा उभा राहतो, अंगाची सगळी बाजू दाखवतो, पुढच्या पायानं माती उकरतो, हुंकारतो आणि सरळ माणसावर येतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा पहिल्या प्रकारचा वाटतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर खच्चीकरण आधी, बाकी सगळं नंतर, आणि तोवर पोरांना गोठ्यात एकटं जाऊ देऊ नका. दोघांनाही मार हा उपाय नाही. बुजलेला मारानं जास्त बुजतो आणि माजलेला उलटून येतो.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधी सांगतो. खिलार मुळातच चपळ आणि तापट. आटपाडी-म्हसवडकडची जनावरं तर वाऱ्यासारखी. देवणी किंवा लाल कंधारी खोंड सहसा लवकर शांत होतो, म्हणून दुसऱ्याच्या देवणीचे दिवस मोजून आपल्या खिलाराची घाई करू नये. जोडीला शांत, मुरलेला बैल आहे की नाही, यावर निम्मं काम अवलंबून आहे. आणि रोज तोच माणूस वेळ देणार आहे का, हेही बघा. एक दिवस तुम्ही, एक दिवस सालगडी, एक दिवस मुलगा, असं झालं तर कितीही दिवस कमीच.

आता माणसाळवणं. याला दहा ते पंधरा दिवस द्या, आणि यात जू दिसताही कामा नये. खोंडाला कळपातून काढून जुन्या बैलाशेजारी दावणीला बांधा. एकटा बांधू नका, एकट्या पडलेल्या जनावराचा जीव थाऱ्यावर नसतो. गळ्यात दावं आणि तोंडावर मऊ सुती म्होरकी, म्हणजे तोंडाभोवतीची दोरी. सकाळ-संध्याकाळ वैरण-पाणी तुम्हीच करा. जवळ जाताना मागून किंवा थेट समोरून जाऊ नका, खांद्याच्या बाजूनं, बोलत जा. पहिला हात खांद्यावर, मग वशिंडावर, पाठीवर, पोळीखाली (गळ्याच्या लोंबत्या कातडीखाली). डोक्याला आणि शिंगाच्या मुळाला हात शेवटी. तो कातडी थरथरवतो तिथे हात उचलू नका, तिथेच स्थिर ठेवा आणि थरथर थांबली की मग काढा. हात काढून घेणं हे त्याचं बक्षीस आहे. थरथर चालू असतानाच हात काढला, तर थरथरलं की माणूस जातो एवढंच तो शिकतो. गोणपाटाच्या तुकड्यानं किंवा वैरणीच्या चोळ्यानं अंग घासा. मूठभर पेंड किंवा सुपारीएवढा गूळ हातावर द्या, पण शांत उभा असताना. ओढून घेतो तेव्हा नाही.

याच दिवसांत चारही पाय हाताखालून जाऊ द्या. वरून खाली हात फिरवत खुरापर्यंत. पुढे खुराला पत्री (लोखंडी नाल) मारायची वेळ येईल तेव्हा याचा उपयोग होतो.

उपाशी ठेवण्याबद्दल. भुकेला खोंड शांत दिसतो, कारण त्याच्यात त्राण नसतं. पोट भरलं की तो पुन्हा तसाच. वरून, दोन दिवसांच्या भुकेनंतर कुणी दया येऊन पाटीभर भरडा घातला, तर पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकतं. काम शिकवायच्या आधी पोट तट्ट भरलेलं नसावं, तास-दीड तास आधी वैरण थांबवावी, एवढंच पुरे.

वेसण आणि खच्चीकरण. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ही दोन्ही कामं ठरवून दिलेल्या पद्धतीनंच करायची म्हणून नोंदली आहेत. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनाच बोलवा. दगडानं किंवा मुसळीनं बडवायचे दिवस गेले. आता बर्डिझो चिमट्यानं, भूल देऊन, जखम न करता काम होतं. डॉक्टरांची हरकत नसेल तर दोन्ही एकाच वेळी उरकून घ्या, म्हणजे खोंडाला दोनदा पाडावं लागत नाही. पाडणाऱ्या माणसांत तुम्ही स्वतः राहू नका. पंधरा दिवसांत कमावलेला विश्वास त्या अर्ध्या तासात जातो. दुसऱ्यांना धरू द्या, तुम्ही नंतर पाणी घेऊन जा. खच्ची केल्यावर स्वभाव लगेच उतरत नाही, काही आठवडे ते काही महिने जातात. आणि खोंड जातिवंत असेल, बांधा, शिंगं, चाल सगळं उतरलं असेल, तर खच्ची करण्याआधी डॉक्टरांना आणि जवळपासच्या खिलार पाळणाऱ्यांना एकदा दाखवा. चांगले वळू दिवसेंदिवस कमी होत चाललेत. एकदा चिमटा लागला की परत फिरता येत नाही.

वेसणीची जागा महत्त्वाची आहे. दोन नाकपुड्यांमधला पडदा अंगठा आणि तर्जनीत धरून चाचपला, तर मागे कडक कूर्चा लागते आणि तिच्या पुढे मऊ, पातळ जागा लागते. छिद्र त्या मऊ जागेत, कूर्चेला लागून पुढे. कूर्चेत टोचलं तर रक्त जास्त जातं, जखम भरत नाही आणि कासरा हलला की जनावर कळवळतं. फार पुढे टोचलं तर पुढे कधीतरी हिसक्यात पडदा फाटतो, आणि फाटलेल्या नाकाच्या बैलाला आवरणं फार अवघड. दोरी सुती, गुळगुळीत, गाठ डोक्यामागे. दोरी नाकाला ताणून बसू नये, एक बोट सहज जावं. नायलॉनची बारीक दोरी कापते, ती नको. जखम भरायला दोन ते तीन आठवडे लागतात. माशी बसून अळ्या पडू नयेत म्हणून रोज बघा, डॉक्टरांनी दिलेलं औषध लावा. तोवर वेसणीला कासरा बांधायचाच नाही. या काळात जे काही चालवणं असेल, ते म्होरकीवर.

कासऱ्याला लावताना तीन शब्द ठरवा: पुढे जायला एक, थांबायला एक, मागे सरायला एक. तुमच्या घरात ‘चल’, ‘हो हो’, ‘माग’ असतील तर तेच. शब्द कुठलाही चालेल, पण घरातल्या सगळ्यांचा तोच हवा आणि एका कामाला एकच हवा. ‘हो हो’ थांबायलाही आणि चुचकारायलाही वापरलं, तर त्याला काहीच कळत नाही.

कासरा बारा-पंधरा फुटांचा. तुम्ही त्याच्या डाव्या खांद्याजवळ. तुम्ही खांद्याच्या मागे सरकलात की त्याला पुढे जावंसं वाटतं, पुढे आलात की तो थबकतो. निम्मं काम हे नुसतं उभं राहण्यानंच होतं, ओढावं लागत नाही. आधी शब्द, मग हलका ताण, आणि त्यानं पाऊल टाकल्याक्षणी ताण सैल. ही सैल सोडण्याची वेळ चुकली की सगळं चुकतं. सतत ताणून धरलेल्या कासऱ्याला जनावर टेकून राहतं, नाकाला घट्टे पडतात, आणि पुढे त्याला कितीही ओढा, त्याचं तोंड वळत नाही. लोक अशा बैलाला तोंडाचा कडक म्हणतात. तो जन्मतः कडक नसतो, हातानं केलेला असतो. रोज वीस मिनिटं, दोन वेळा. थांबायचा शब्द पक्का झाल्याशिवाय, म्हणजे कासरा न ओढता दहापैकी नऊ वेळा थांबतो इथपर्यंत आल्याशिवाय, पुढची पायरी नाही.

एक सक्त सूचना: कासरा मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू नका. हातात दुमडून धरा. उधळलेला खोंड माणूस फरफटत नेतो. सगळ्या गाठी एका ओढीत सुटतील अशा मारा आणि सोबतच्या माणसाकडे धारदार विळा असू द्या. शिंगं अणकुचीदार साळू नका. साळलेली असतील तर टोकांना शेंब्या (धातूच्या टोपणं) बसवा.

आता जू. तुमच्या खोंडाला जुवाचं भय बसलंय, म्हणून ते आधी काढायचं. जू दावणीसमोर जमिनीवर ठेवा आणि वैरण त्याच्याशेजारी टाका. दोन-तीन दिवसांत तो हुंगेल, चाटेल. मग जुन्या बैलाच्या मानेवर त्याच्यादेखत ठेवा आणि काढा. मग खोंडाच्या मानेवर गोणपाटाची घडी ठेवा, नंतर हलकं लाकूड, नंतर जू. नांगराचं बाभळीचं जड जू नको, हलकं हवं. मानेवर टेकणारी जागा रुंद, तासून आणि घासून गुळगुळीत केलेली, गाठ किंवा खिळा कुठेही नको. जुन्या बैलाच्या आणि खोंडाच्या मानेच्या उंचीत दोन-तीन बोटांपेक्षा जास्त फरक असेल तर दुसरा जोडीदार शोधा. जू तिरकं बसलं की सगळा भार बुटक्याच्या मानेवर घसरतो आणि खांदा सुजतो.

पहिले तीन-चार दिवस मोकळं जू, मागे काहीही नाही. नांगरलेल्या रानात, पण ढेकळं फुटलेल्या. भुसभुशीत रानात त्याला पळता येत नाही, पडला तरी लागत नाही. कडक रस्त्यावर हे करू नका. एक माणूस खोंडाच्या तोंडाशी, एक मागे. खोंड रोज त्याच बाजूला जुंपा, कारण बैल बाजू लक्षात ठेवतात आणि मध्येच बदलली तर गोंधळतात. पंधरा-वीस मिनिटं, चार-सहा वळणं, मग सोडा. वळताना बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं, म्हणून सुरुवातीला खोंड आतल्या बाजूला राहील अशी वळणं घ्या.

मग ओंडका. ज्या आवाजानं तो उधळला, तो आवाज इथे त्याला ओळखीचा करायचा आहे, म्हणून ही पायरी घाईनं ओलांडू नका. दहा-पंधरा किलोचं लाकूड घ्या. पहिल्या दिवशी ते दुसऱ्या माणसानं दोरीनं ओढत खोंडाच्या पुढून न्यावं, खोंड कासऱ्यावर त्याच्यामागे चालेल. जे पुढे पळतं त्याच्यामागे जायला जनावर घाबरत नाही, उलट कुतूहलानं जातं. दुसऱ्या दिवशी तेच लाकूड त्याच्या बाजूनं, त्याला दिसेल असं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागून, लांब दोरीनं, पण अजून माणसाच्याच हातात. आवाज मागे असूनही कान शांत राहिले, की मग येठणानं (जुवाच्या मध्याला ओढीचं बांधायच्या दोरानं) जुवाला बांधा. दचकला तर ओरडू नका, ‘हो हो’ म्हणून थांबवा, उभं राहू द्या, मानेवर हात ठेवा आणि पुन्हा चार पावलं. पळालाच तर कासरा सरळ मागे ओढण्यात अर्थ नाही. एका बाजूनं ओढून वर्तुळात फिरवा, बांधाकडे तोंड करा. वर्तुळ लहान होत गेलं की वेग आपोआप मरतो.

भार हळूहळू वाढवायचा, पण किती? जोडी दिवसभर जी ओढ सहज घेते, ती साधारण तिच्या वजनाच्या दहा-बारा टक्के असते. वजनकाटा नसेल तर टेपनं काढा: पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत. घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं गुणा, आणि 660 नं भागा. उत्तर किलोत येतं. घेर 66 आणि लांबी 54 असेल तर वजन सुमारे 356 किलो, म्हणजे मुरल्यावर त्याची सहज ओढ पस्तीस-चाळीस किलोची. शिकताना त्याच्या निम्म्यावर राहा. ही ओढ आहे, लाकडाचं वजन नव्हे. घासण्याच्या ओढीपेक्षा लाकूड जड असतं.

भार कमी करायची एक सोपी युक्ती आहे. जुवावर येठण बांधायची जागा मधून सरकवा, जुन्या बैलाकडे. दोन मानांमध्ये 120 सेंमी अंतर असेल आणि येठण 10 सेंमी जुन्याकडे घेतलं, तर खोंडावर एकूण ओढीतले सुमारे 42 टक्केच येतात, बाकी जुना घेतो. बरेच जण उलट, खोंडाकडे सरकवतात आणि मग खोंड जू टाकतो म्हणून त्यालाच मारतात. जसजसा तो मुरेल तसं येठण मध्यावर आणा.

ओंडक्यानंतर कुळव, आधी फास (कुळवाचं पातं) वर उचलून नुसता ओढायचा, मग रानात उथळ. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, मग तास, आणि या हंगामात एका वेळी दोन तासांपुढे नको. पाभरीला, म्हणजे पेरणीच्या औताला, लगेच लावू नका. पेरणीत सरळ तास (ओळ) लागतं आणि नवखा खोंड तास वाकडं करतो, मग माणूस चिडतो. पहिलं वर्ष कुळव आणि फळी. पुढच्या वर्षी पाभर आणि कोळपं (पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं औत). कोळप्याला तोंडावर मुसकं बांधायची सवयही आधीपासून लावा.

खोंड जुवाखाली बसला तर? शेपूट पिरगाळू नका, मणके निखळतात आणि ती इजा आयुष्यभर राहते. आधी जू, मान आणि भार तपासा, बहुतेक वेळा कारण तिथे असतं. दमला असेल तर तोंड उघडून धापा टाकतो, लाळ गाळतो, पाय अडखळतात. अशा वेळी भार तिथेच मोकळा करा आणि सावलीत न्या. दमलेला नसेल आणि नुसता अंग टाकत असेल, तर बसलेल्या अवस्थेत सोडू नका. भार सोडा, उठेपर्यंत शांत थांबा, उठल्यावर पाच पावलं चालवा आणि मग जू काढा. बसल्यावर सुटका होते हे एकदा कळलं, की तो रोज बसेल.

खांदा रोज काम सुटल्यावर हातानं चाचपा. गरम, दुखरा किंवा फुगलेला लागला तर त्या दिवसापासून जू बंद. पहिल्या दिवशी गार पाणी, सूज जुनी असेल तर डॉक्टर. मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप बहुधा तेच सांगतील. पावसात भिजलेल्या मानेवर जू घासलं की कातडी लवकर जाते, म्हणून मृगात जास्त जपा. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो, ती वर्षातून एकदा होते. नवख्या खोंडाचा खांदा मात्र रोज मळावा, कामाआधी आणि नंतर, दोन मिनिटं.

पराणीबद्दल अजून एक. 1965 च्या ओढकामाच्या जनावरांच्या नियमांनुसार टोकदार काठी वापरायला मनाई आहे. त्याच नियमांत दिवसाला एकूण नऊ तास, सलग पाच तास, आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम नाही, अशी मर्यादा आहे. ती मुरलेल्या बैलासाठी आहे. तुमच्या खोंडाला चैत्र-वैशाखात सकाळी नऊच्या आत मोकळं करा. हातात काही हवंच असेल तर साधी काठी, तीही मारायला नव्हे. खांद्याच्या मागे तिचा नुसता स्पर्श म्हणजे ‘चल’, एवढं पुरतं.

गाडी पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर. आधी रिकामी, सपाट मातीच्या वाटेवर, चाकांना वंगण घालून, खडखडणारं सगळं बांधून. उतारावर गाडी मागून रेटते आणि खोंडाला पुन्हा तोच पाठलाग वाटतो, म्हणून पहिले काही आठवडे उतार टाळा. डांबरी रस्त्यावर न्यायचा असेल तर पत्री मारून घ्या, नाहीतर खूर झिजून तो लंगडेल, आणि लंगडणारा खोंड ओढायला नको म्हणतो तेव्हा लोक पुन्हा त्याला हट्टीच म्हणतात. वाटेत ट्रॅक्टर आला तर जुना बैल ट्रॅक्टरच्या बाजूला आणि खोंड बांधाच्या बाजूला राहील, अशा बेतानंच गाडी घ्या.